तीन राज्यांची एक रहिवासी

शारजा, एप्रिल २००१

ती. प्रल्हाददादा आणि सौ. हेमावहिनी यांना धाकट्या कुंदाचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकतात तोवर घालून घेते). आम्ही खुशाल आहोत. वहिनींची कंबर कशी आहे? मी पाठवलेला बाम त्यांच्या कंबरेसाठी होता, तो तू डोक्याला लावून संपवलास असं कळलं. दुसरी बाटली पाठवते, तिच्यापासून लांब राहा.

आता मुद्द्याचं. जन्मभर आयकर खात्यात राहून तू अख्ख्या सांगलीला घाम फोडलास, पण सख्ख्या बहिणीने टॅक्सबद्दल विचारलं तर उत्तर काय, तर "अमेरिकेच्या नसत्या भानगडीत पडू नकोस." दादा, मी पडले. चांगली तोंडावर पडले. पण माघार घेतलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आपली स्वप्नाली ओहायोत शिकते आणि कॉलेजच्या लायब्ररीत काम करते, हे तुला ठाऊक आहेच. मागच्या उन्हाळ्यात तिने न्यू जर्सीतल्या एका कंपनीत नोकरी केली आणि राहिली मात्र नदीपलीकडे पेन्सिल्व्हेनियात, मैत्रिणीच्या घरी (मैत्रिणीची आई पोळ्या करते म्हणून). तिकडे म्हणे केंद्राचा टॅक्स निराळा आणि प्रत्येक राज्याचा निराळा. त्यामुळे तिन्ही राज्यं पोरीला विचारणार, तू आमच्याकडे राहिलीस की नुसतं कमावलंस, कधी आलीस, कधी गेलीस, आमची पूर्ण वर्षाची रहिवासी की अर्ध्या की मुळीच नाही? लग्न ठरवताना सासरचेसुद्धा इतक्या चौकशा करत नाहीत. मी उपेंद्ररावांना म्हटलं, हे इथे लागू झालं तर तुमचं काय होईल? झोपायला शारजा, कामाला दुबई आणि उरलेलं आयुष्य दोन्हींच्या मधल्या ट्रॅफिकमध्ये. ह्यांनी "खलास, तिचं ती बघेल" म्हणून पेपरात तोंड घातलं.

तिचं ती कसं बघेल? जी मुलगी टॅक्स नसलेल्या देशात वाढली, जिच्या पैशातली कपात फक्त आईने केली, ती काय बघणार? फोनवर म्हणते, "आई, आय विल हँडल इट." मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले ते काय नुसतं दुधाच्या पिशव्या मोजायला? महत्त्वाच्या कागदाची एक प्रत घरी हवी, असं दटावून मी तिचे पगाराचे कागद ह्यांच्या ऑफिसात फॅक्सने मागवले, इंटरनेटवरून तिन्ही राज्यांचे फॉर्म छापून घेतले आणि थेट टायपिंग सेंटर गाठलं.

इथली पद्धत तुला सांगायला हवी. इकडे सरकारी कागद घरी भरायचा नसतो. टायपिंग सेंटरमध्ये तो टाइप होतो, त्याला फोटो लागतात, स्पॉन्सरची सही लागते आणि शिक्का लागतो. स्पॉन्सर म्हणजे ज्याच्या जिवावर तुमचा व्हिसा. स्वप्नालीचे स्पॉन्सर अर्थातच तिचे बाबा. सेंटरमधली बिलकीस म्हणाली, "भाभी, बग़ैर फोटो के सरकारी काग़ज़ कहीं चलता है क्या?" मला पटलं. पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो लावले, जन्मदाखल्याची अटेस्टेड प्रत जोडली, आमच्या फ्लॅटचा भाडेकरार जोडला. स्वप्नालीच्या सहीच्या जागी ह्यांची सही आणि कंपनीचा गोल शिक्का (मॅच चालू असली की हे कशावरही सही करतात). आणि कायमचं घर विचारलं होतं तिथे तिन्ही फॉर्मवर ठसठशीत "शारजा". माझं गणित सरळ होतं, मुलगी शारजाची, म्हणजे तिन्ही राज्यांत ती पाहुणी, आणि पाहुणीकडून कोणी टॅक्स घेत नाही. यल्ला (म्हणजे चला) म्हणत तिन्ही पाकिटं कुरियरने रवाना केली.

परवा स्वप्नालीचा फोन आला. तिने आपले तिन्ही फॉर्म फेब्रुवारीतच भरले होते. बिनचूक. आता तिन्ही ऑफिसांत दोन दोन स्वप्नाली झाल्या, एक ओहायोची रहिवासी आणि दुसरी शिक्का मारलेली. एका ऑफिसाने फोटो सौजन्याने परत पाठवलेत आणि हा गोल शिक्का कशाचा, असं विचारलंय. तिने सगळीकडे पत्रं लिहून निस्तरलं म्हणे. शेवटी मला म्हणाली, "आई, बट आय लिव्ह हिअर." रागावली नव्हती रे, समजावत होती. त्याचंच जास्त लागलं. मी फोन ठेवला आणि उगीचच तिच्या खोलीतली चादर बदलली.

असो. सर्वांना नमस्कार. वहिनींना लोणच्याची आठवण करून दे.

तुझी,
कुंदा

ता. क. - खरं काम आता लिहिते. सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलं की इथला व्हिसा आपोआप रद्द होतो. स्वप्नाली डिसेंबरअखेर इथून गेली, म्हणजे जून संपायच्या आत तिचा पाय इथे लागायला हवा. बाईसाहेब उन्हाळ्यात टेक्ससला नोकरीला निघाल्यात. व्हिसा गेला तर ती आपल्याच घरी टूरिस्ट म्हणून येणार. ते मी होऊ देणार नाही. तुझा शब्द ती मोडत नाही. तेव्हा तू मेमध्ये जरा आजारी पड. फार नको, शारजामार्गे सांगलीला येऊन भेटावंसं वाटेल इतपतच.

ता. क. २ - पाकीट चिकटवणार तोच तिचा फोन आला. टेक्ससमध्ये म्हणे राज्याचा टॅक्सच नाही. इतकी खूश होती! म्हणाली, "आई, नो स्टेट टॅक्स! जस्ट लाइक होम." होम म्हणाली, दादा. शारजाला. मी लगेच विषय बदलला, नाहीतर तिने शब्द फिरवला असता.

तरीही तू आजारी पडच.