तेहतीसचा खटका

हौसा,

मी चादरीच्या कारखान्यात चालले. भाकरी टोपल्यात हाय, पिठलं चुलीपाशी. शाळेतनं आल्यावर आधी खा.

तबकडीच्या बाज्याची सुई आठ दिस हुडकत हुतीस. ती मीच काढून डाळीच्या डब्यात दडवली हुती. आज परत बसवली.

तू गेल्यावर तुजी ती तबकडी लावून बघितली. तू करतीस तसाच फेऱ्यांचा खटका पंचेचाळीसवरनं तेहतीसवर सरकवला, तशी तबकडी हळू फिराय लागली. बाईचं गोड गाणं गड्याच्या जड आवाजात रेंगाळत यायला लागलं. आदी भ्याच वाटलं. शेजारची तानाबाई ह्यालाच भुताचं गाणं म्हनती. तिचं ऐकून मी तुला देवऋष्याकडं नेलं. त्यानं लिंबाच्या फोकानं मारलं, तवा तुजं हात मीच धरलं हुतं.

मग दुसरं कडवं आलं आन् मी खालीच बसले. मोरीत अंगोळ करताना तुजं बा आस्संच म्हनायचं की गं. त्योच आवाज.

मला का सांगितलं न्हाईस, आसं इचारायला मला तोंड न्हाय. ते गेल्यावर ह्या घरात त्यांचं नाव काडायचं न्हाय, ही ताकीद माजीच.

कोनाड्यात खोबरेल हाय, पाठीवरच्या वळांना लाव. हात पुरला न्हाय तर ऱ्हाऊ दे, मी आल्यावर लावीन, तू लावू दिलंस तर.

तबकडी काडू नगंस. खटकाबी हलवू नगंस. मला यायला दिवस मावळंल, तवर त्यांला तितंच ऱ्हाऊ दे.

आई