एकोणतिसाव्या संध्याकाळचा चंद्र

करांगवेतान,
रमजानचा नववा दिवस

प्रिय कस्नान,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवून दिलं असशील आणि दोन दिवसांनी, बोटीच्या फळ्या तासून झाल्यावर, हात पुसत उघडलं असशील. ठेवून दिलं असलंस तर योग्यच केलंस. सव्वीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझा बांजारमासिनचा पत्ता तुझ्या पुतणीनं दिला, ती इथे लग्नाला आली होती तेव्हा. तोही तीन वर्षं माझ्या सुट्या भागांच्या डब्यात पडून होता. त्या ईदच्या आदल्या संध्याकाळी टेकडीवर मी म्हणालो चंद्र दिसला, तू म्हणालास नाही, आणि गावानं माझं ऐकलं. मला त्याबद्दलच लिहायचं आहे. पण तू मला ओळखतोस, मी मुद्द्यावर सरळ कधी येत नाही. थोडी कुरकुर आधी ऐकून घे.

शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चालू आहे, रडतखडत. हल्लीच्या मशीनमध्ये दाते प्लास्टिकचे असतात; झिजले की टाकून द्यायचे, घासून बसवायची सोयच नाही. खालच्या गल्लीतली रोकायाह तिची मशीन तीनदा घेऊन आली. घरी टाके सुटतात म्हणे, आणि दुकानात मशीन कशी अगदी शहाण्यासारखी चालायची. शेवटी मीच तिच्या घरी गेलो. सासू मागे येऊन बसली की हिचा पाय मशीनच्या पायडलवर जोरात पडतो, एवढंच कारण. म्हटलं, बाई, हा भाग मी बदलून देऊ शकत नाही. ती हसली, सासू हसली नाही, आणि त्या घरचं काम मला पुन्हा मिळालं नाही.

सुट्या भागांसाठी अजून सुराबायालाच जावं लागतं. बस तीच, म्हणजे तिच्यासारखीच दुसरी. माणसं, कोंबड्या आणि सुक्या मासळीच्या टोपल्या यांत कंडक्टर काही फरक करत नाही. गेल्या वर्षी मात्र मी तिथे डोळ्यांसाठी गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि मी आपला काळोख्या दुकानाला दोष देत बसलो होतो. पट्टी काढली त्या दिवशी मला कळलं की माझ्या मुंतामाहची लुंगी हिरवी आहे. मी ती दहा वर्षं राखाडी समजत होतो. तिला सांगितलं तर म्हणाली, “आता माझ्या सुरकुत्या मोजत बसाल. त्यापेक्षा आधीचे डोळे बरे होते.” पण खरं सांगतो, त्या आठवड्यात मी समुद्रावर जाऊन नुसता बसायचो. एवढा निळा रंग रोज फुकट सांडलेला असतो आणि आपण बोटीचं तेल आणि भरतीची वेळ यांपलीकडे त्याच्याकडे बघत नाही, याचं मला रडू यायचं.

आणि हो, मी टेकडीवर जाणं सोडलेलं नाही. दर चांद्र महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी, सव्वीस वर्षं. ढग असले तरी, दम लागला तरी. तिसाव्या दिवसाचा चंद्र काय, कुणालाही दिसतो, तो बघायला कोणी चढत नाही. एकोणतिसाव्याचा सापडायला हवा. मुंतामाह त्याला माझी दुसरी बायको म्हणते. मी परत आलो की विचारते, “आली होती का तुमची चंद्री?” मी नाही म्हटलं की तळलेली केळी पुढे सरकवते. तू केलेली ती चौकट अजून माझ्याकडेच आहे. दोन खांब, मध्ये वीतभर खिडकी, चंद्र जिथे असायला हवा तिथे रोखून आत डोळा लावायचा. एक खांब वाळवीनं खाल्ला म्हणून बदलला, पण खिडकीची जोडणी तुझीच आहे. शाळेतले फौझान मास्तर परदेशी दुर्बीण आणतात, तिच्या पायांना इतके स्क्रू आणि खटके आहेत की ती उभी करेपर्यंत सूर्य बुडतो. मग मास्तर तुझ्या चौकटीजवळ येऊन उभे राहतात, मान खाली घालून. मला त्या वेळी तुझा फार अभिमान वाटतो, आणि लगेच तोंड कडू होतं.

ती संध्याकाळ तुला सांगायची गरज नाही, पण माझ्या बाजूनं तू ती कधी ऐकली नाहीस. खाली गावात नारळाच्या पानांत बांधलेले केतुपात, म्हणजे ईदचे भाताचे गोळे, आधीच शिजत होते. पोरांना नवे कपडे दिसत होते. चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही तर आणखी एक रोजा. जुन्या कोष्टकाप्रमाणे चंद्र जेमतेम बोटभर वर असायला हवा होता. पन्नास माणसं आपल्या मागे उभी होती, गावचे धर्मगुरू, थोरले कियाई, चटईवर बसले होते, आणि मी तुझ्या खिडकीला डोळा लावला होता. क्षितिजावर धुरकट पट्टा होता. त्यात काहीतरी पांढरं मला लकाकल्यासारखं वाटलं आणि माझ्या तोंडून “दिसला” निघून गेलं. तो शब्द मी मुद्दाम उच्चारला नव्हता, एवढं मान. पण कस्नान, त्या शब्दानं पन्नास चेहरे माझ्याकडे वळले. शिलाई मशीनवाल्या झुबैदीकडे तोवर कोणी असं वळून पाहिलं नव्हतं. मी पुन्हा खिडकीत पाहिलं, तिथे काही नव्हतं. तू माझ्या जागी डोळा लावलास, बराच वेळ पाहिलंस आणि सगळ्यांदेखत म्हणालास, “मला काही दिसत नाही. कोरीची शिंगं कुठल्या बाजूला होती, झुबैदी?” मी म्हणालो, उजवीकडे. का म्हणालो? मशिदीच्या कळसावरच्या चंद्राची तशी आहेत म्हणून.

चौकटीपासून कियाईंच्या चटईपर्यंत वीसेक पावलं होती. तेवढ्या पावलांत मला थांबता आलं असतं. मला थांबता आलं असतं, हे मी सव्वीस वर्षं रोज स्वतःला सांगत आलो आहे. मी त्यांच्यासमोर चंद्र दिसल्याची शपथ घेतली. खाली मोठा नगारा वाजला, लोक रडले, एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि तू चौकटीचे खिळे काढायला बसलास.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव ईदच्या नमाजात होतं आणि तू रोजा धरून घरी होतास. त्यानंतर काय झालं ते तू भोगलंस, मी फक्त बघितलं. लोक म्हणायचे, ज्याला डोक्यावरचा चंद्र दिसत नाही तो फळी सरळ काय कापणार. ज्या कासिमची बोट तू बांधलीस, त्यानंही पुढची बोट शेजारच्या गावातून बांधून घेतली. वर्ष संपायच्या आत तू बायकोला घेऊन समुद्रापलीकडे कालिमंतानला, बांजारमासिनला गेलास. आणि मी? मला पहिल्या रांगेत जागा मिळाली. दर रमजानमध्ये मला ती गोष्ट सांगायला लावायचे, आणि मी दर वर्षी ती थोडी अधिक चांगली सांगायचो. चंद्र कसा तेजस्वी होता, कसा तलवारीसारखा उभा होता. सांगता सांगता मला तो दिसायला लागला. काही वर्षं तर माझा त्यावर पूर्ण विश्वास होता, आणि ती वर्षं सगळ्यात वाईट होती असं आता वाटतं.

आता या महिन्याबद्दल. रमजान लागण्याच्या आदल्या संध्याकाळी आभाळ इतकं स्वच्छ होतं की फौझान मास्तर घाबरले. असं स्वच्छ आभाळ आम्ही पाहिलेलंच नाही, म्हणाले, आता न दिसायला सबबच उरली नाही. सूर्य बुडला. मी खिडकीला डोळा लावला. पाच मिनिटं काही नाही, दहा मिनिटं काही नाही. पाणी, वर पिवळा, त्यावर गुलाबी, त्यावर नाव नसलेला एक रंग. माझं लक्ष पाण्यावरून जाणाऱ्या एका बगळ्याकडे गेलं, ते परत आलं, आणि तो तिथे होता.

कस्नान, तो तेजस्वी नव्हता. तो आभाळापेक्षा जेमतेम उजळ होता. कापलेल्या नखाच्या कडेएवढा, आणि तोही अखंड नाही, मध्ये दोन ठिकाणी विरलेला. उभा नव्हता, पाठीवर पडला होता, दोन्ही टोकं वर करून. तुझ्या खिडकीच्या बरोबर मध्यावर. डोळा मिटला तर हरवायचा, पुन्हा शोधला की तिथेच. माझ्या आधी हजार वर्षं किती लोक अशाच टेकड्यांवर उभे राहिले असतील, त्यांनी आकडे मांडले, वाळूत रेघा ओढल्या, आणि हा ठरल्या मिनिटाला, ठरल्या जागी, कोणी बघो न बघो, येऊन पडतो. याला आपल्या शपथांची काही गरज नाही. मी देवाचं नाव घेतलं. आठ मिनिटं तो होता. मग पाण्याला टेकायच्या आधीच विरघळून गेला.

आणि विरघळला तेव्हा मला समजलं की मी हा आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

फौझान मास्तरांच्या दुर्बिणीत तो आला होता, छायाचित्रही निघालं. साक्षीदारांना शपथ द्यायला न्यायाधीश वर आले होते. सगळे म्हणाले, पहिली साक्ष झुबैदींची. मी म्हणालो, मास्तरांची घ्या, माझी नको. लोकांना वाटलं म्हातारा विनय दाखवतोय. दुसऱ्या दिवशी मी धाकट्या कियाईंकडे गेलो, थोरल्यांच्या मुलाकडे, आणि सगळं सांगितलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “एका दिवसाचा रोजा एका दिवसात भरून देता येतो, झुबैदी. तो आम्ही बघू. पण ज्याला तुम्ही खोटं पाडलंत, त्याचं तुम्हालाच बघावं लागेल.”

शुक्रवारी नमाजानंतर मी उभा राहिलो आणि गावासमोर बोललो. ओरडलं कोणी नाही, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं. कासिम उठून बाहेर गेला. त्या ईदला नवे कपडे घातलेली पोरं आता बाप झाली आहेत, ती माझ्याकडे बघत राहिली. मुंतामाह बायकांच्या बाजूला होती. घरी आल्यावर ती फक्त म्हणाली, “सव्वीस वर्षं माझ्याशेजारी झोपलात आणि मला नाही सांगितलंत.” तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. साक्षीदारांच्या यादीतून माझं नाव काढलं आहे, ते योग्यच झालं. मी आता टेकडीवर चढू शकतो, बघू शकतो, पण दिसला असं म्हणायचा अधिकार मला नाही.

तू परत यावंस म्हणून हे लिहीत नाही. माफ करावंस म्हणूनही नाही. ते मागायची माझी हिंमत होत नाही. फौझान मास्तरांना मी त्या जुन्या संध्याकाळची तारीख दिली होती आणि हिशोब काढायला सांगितलं होतं. त्यांनी संगणकावर तीनदा काढला, मग कागदावर लिहून माझ्या हातात दिला. जुनं कोष्टक चुकलं होतं. त्या दिवशी चंद्र सूर्याच्या चार मिनिटं आधीच बुडाला होता. हे गावाला सांगून झालं आहे, पण ते सगळ्यात आधी तुला कळायला हवं होतं, आणि कळवायला मला सव्वीस वर्षं लागली. त्या संध्याकाळी आभाळात काहीही नव्हतं, कस्नान. तू खरं बोलला होतास.

तुझाच,
झुबैदी