आमचं सगळं एक नंबर

सोमवार, ४ मार्च
रविवारी बाबांना ऐंशी पूर्ण. आजवर त्यांचा डोळे उघडे असलेला एकही फोटो नाही. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडाला की मिटलेच. उपाय सोपा. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला स्टँडवर ठेवायचा. तशी वायर जोडली. आई अडखळली. आता वायरलेस ट्रिगर. कॅमेऱ्यावर एक डबी, फ्लॅशखाली दुसरी, बटण दाबलं की काम फत्ते. बाबांना शब्द दिला. बघू, म्हणाले. उत्साह दिसला.

बुधवार, ६ मार्च
ट्रिगरचा अभ्यास चालू. घाई नाही. रेंज शंभर मीटर तरी हवी. आमची खोली चार मीटर, पण उद्याचं कोणी सांगावं. बायको म्हणते, तळमजल्यावर स्टुडिओ आहे, सरळ तिथे नेऊ या. घरात फोटोग्राफर असताना! कानाडोळा केला.

गुरुवार, संध्याकाळ
स्टुडिओत सहज डोकावलो. स्टुडिओवाल्याकडे कुठला ट्रिगर आहे तेवढं बघितलं. तोच मागवला. निघताना म्हणाला, आमचं सगळं एक नंबर आहे हं. काय हा तोरा! आमचंही एक नंबरच असणार, मी सुनावलं. त्याचा चेहरा पडला. दुसरं काही बघा ना, म्हणाला. जळतो.

शनिवार, ९ मार्च
ट्रिगर आला. डबीवर चॅनलचे आकडे आहेत, एक ते सोळा. कॅमेऱ्यावरची डबी अर्थातच एकवर ठेवली. माहितीपत्रक वाचलं नाही, ते नवशिक्यांसाठी असतं. चाचणीही नको. सेल कशाला वाया घालवा.

रविवार, १० मार्च, सकाळ
बाबा कोट घालून खुर्चीत. दाबलं. फ्लॅश ढिम्म. पुन्हा दाबलं. ढिम्मच. फ्लॅशमध्येच खोट असणार. बाबांनी विचारलं, फोटो ऐंशीचाच काढायचाय ना, की एक्याऐंशीचा? लक्ष दिलं नाही. शेवटी बायको त्यांना पाय मोकळे करायला घेऊन गेली. बरं झालं, आता निवांत दाबता येईल. दाबतोच आहे. खालून कुणाचा तरी आरडाओरडा. लोकांना रविवारीसुद्धा शांतता नको असते.

रविवार, संध्याकाळ
फोटो भिंतीवर लागला. बाबांचे डोळे टक्क उघडे, वर खदखदून हसतायत. कोपऱ्यात स्टुडिओचं नाव. दोघं गुपचूप तिथेच गेले होते.

बायकोने सांगितलं, तिथले मोठाले फ्लॅश कोणी हात न लावता फटाफट उडत होते आणि स्टुडिओवाला कॅमेरा घेऊन इकडून तिकडे धावत होता. त्याचं एक नंबर म्हणजे चॅनल एक, आणि एकाच चॅनलवरच्या डब्या एकमेकींचं ऐकतात. माझी कॅमेऱ्यावरची डबीही एकवर. फ्लॅशखालची चारवर, तिला हात लावायचा राहिलाच होता. म्हणजे बघायला गेलं तर फोटोचं लायटिंग माझंच. रेंजही सिद्ध झाली.

बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, खरंच रे, तुझ्यामुळेच हसलो. मला भरून आलं.

मग बायकोने उरलेलं सांगितलं. स्टुडिओवाला वैतागून ओरडला होता, वर कोण गाढव एक नंबरवर बसलाय? बाबा म्हणाले, आमचाच. तेवढ्यात त्याच्या हातून बटण दाबलं गेलं.

फोटो जवळून बघितला. ओठ अजून शेवटच्या 'च'वरच आहेत.