मामा, तुमचं गाणं सिनेमात अडकलंय

ती. मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही, मामी आणि दवाखान्यातली ती करकरणारी खुर्ची, तिघंही ठणठणीत असाल अशी आशा आहे. माझं म्हणाल तर झोप उडाली आहे, अन्न गोड लागत नाही आणि दारावर टकटक झाली की छातीत धस्स होतं, बाकी उत्तम. फोनच केला असता, पण फोनवर माझं ततपप होतं हे तुम्ही जाणताच. पत्र मुद्दाम दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतोय. (एकट्याने वाचावं. कुणाच्या तोंडात हात असताना तर मुळीच वाचू नये.)

गेले काही महिने मी एका सिनेमाचं पार्श्वसंगीत करतोय, हे आईने तुम्हाला अभिमानाने कळवलं असेलच. तिने काय कळवलं नसेल ते असं, की या सिनेमातलं निम्मं संगीत म्हणजे जुनी गाजलेली रॉक गाणी आहेत आणि मी त्यांच्यामधल्या फटी बुजवायला आहे. एखादं दणदणीत गाणं संपतं, नायक गाडीतून उतरून जिना चढतो, तेवढ्यात माझी व्हायोलिनं घाईघाईने वाजून घेतात, आणि त्याने दार उघडलं की पुन्हा कुणाची तरी गिटार गरजते. दिग्दर्शकबाई संगीत डोळे मिटून ऐकतात. आवडलं नाही तर डोळे उघडतात. माझ्या प्रत्येक चालीला ते उघडत होते, आणि तुमच्या खुर्चीत आडवं पडलेल्या माणसाला तुमचे डोळे जसे दिसत असतील, तसे मला दिसत होते.

घोटाळा झाला तो तुमच्या तरुणपणीच्या बँडच्या कॅसेटींमुळे. कॉम्प्युटरवर उतरवून घे म्हणून तुम्ही जे खोकं दिलं होतंत, ते मी उतरवलं आणि नाव न घालता माझ्याच चालींच्या फोल्डरमध्ये ठेवलं. (विसरलो नव्हतो. मामींनी कधी पाहिलं तर, या भीतीने नाव घातलं नव्हतं. खांद्यापर्यंत केस वाढवून गॅरेजमध्ये किंचाळणारे मामा त्यांच्या अजून परिचयाचे नाहीत.) तो अख्खा फोल्डर बाईंपुढे वाजला. माझ्या चाली एकामागून एक नापास झाल्या आणि शेवटी तुम्ही लागलात. बाईंनी डोळे मिटले ते उघडेचनात! गाणं संपल्यावर म्हणाल्या, "हे तुझं नाही. हे त्या काळातलं अस्सल रॉक आहे. कुठे मिळालं?" मी सांगणारच होतो, पण त्याच दमात त्या म्हणाल्या, "परदेशातला बँड आहे, पैज लावते. मला दोन ठोक्यांत ओळखू येतं." (तुम्ही गायलेले शब्द कोणत्या भाषेतले आहेत हे तुम्हालाही माहीत नव्हतं, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही.) आता बाईंना सगळ्यांदेखत खोटं पाडायची हिंमत माझ्यात असती तर मी दातांचा डॉक्टर नसतो का झालो? मी नंदीबैलासारखी मान हलवली.

त्यानंतर सिनेमाचा सगळा शेवट तुमच्या गाण्यावर बेतला गेला. तुमचा ड्रमवाला जिथे घाई करून पुढे पळतो, तिथे नायकही पळतो. तुमच्या गिटारची तार तुटते, तिथे काच फुटते. आता तुम्हाला काढायचं तर सिनेमाचा शेवटच काढावा लागेल.

पण जुनं गाणं वापरायचं तर मालकाची परवानगी लागते. ती मिळवणारे एक वकील आमच्याकडे आहेत, ते मालक शोधायला निघाले. मी मनात म्हटलं, सापडणार नाही, गाणं आपोआप गळेल, माझी मान सुटेल. पण मामा, मालक सापडला! समुद्रापलीकडे राहणारे, कुठल्याशा परदेशी बँडातले एक म्हातारे ड्रमवाले. गाणं ऐकताच ढसाढसा रडले म्हणे, हे आमचंच. शेवटी गिटारच्या आड बाईचा पुसट आवाज येतो ना, ती आमची स्वर्गवासी बायको, असंही म्हणाले. तो आवाज आजीचा आहे हे तुम्हाला आणि मला पक्कं ठाऊक आहे. मी भीतीने गार पडलो होतो, तरी त्या दिवशी मला संताप आला. आपली आजी कुणा परक्याची बायको? सोमवारी त्यांची सही झाली की तुमचं गाणं आणि आपली आजी, दोन्ही कायमची त्यांच्या नावावर.

मी सगळं सांगून टाकायला तडक बाईंच्या खोलीपर्यंत गेलो होतो. आत त्या कुणाला तरी सांगत होत्या, की खोटं बोलणारा माणूस मी त्याच दिवशी हाकलते. मी आत शिरलो, टेबलावरचे रिकामे कप उचलले आणि परत आलो.

असो. बाकी विशेष काही नाही. मामींना नमस्कार सांगा (पत्र आल्याचं मात्र सांगू नका).

तुमचा भाचा,
भागूबाई

ता. क. बाकी विशेष काही नाही, हे खोटं आहे. सोमवारच्या आत वकिलांना फोन करा आणि गाणं तुमचं आहे म्हणून सांगा. नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. मी तुमचा कोण लागतो हे कृपा करून सांगू नका.

ता. क. २. वरचं शेवटचं वाक्य खोडलं तरी चालेल. पाकीट बंद करणार तोच मिक्सिंगवाल्या अण्णांनी बोलावलं. त्यांनी गाण्याचा शेवट मोठ्या स्पीकरवर लावला, गिटार खाली घेतली आणि आजीला वर आणलं. लख्ख ऐकू आलं, "पुरे झालं रे ते दाणदाण! पानं वाढलीत, जेवायला या. आणि आमचा भागूबाई घाबरून दाराआड रडतोय, त्याला कडेवर घेऊन या." अण्णांनी वळून माझ्याकडे पाहिलं. (मला लहानपणी काय म्हणायचे, हे मीच एकदा इथे सांगून बसलो होतो. तेव्हापासून सगळे तेच म्हणतात.) मग हळूच म्हणाले, "पुसून टाकू का? कुणाला कळायचं नाही."

मी नको म्हणालो. मामा, जन्मात पहिल्यांदा कुणाला ठामपणे नको म्हणालो, आणि लगेच बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसलो. सोमवारी सहीच्या आधी बाई ते ऐकणार आहेत. मी दाराआड उभा असेन. न्यायला या.