यशवंत सागरावरचे कुरव

प्रिय दादा,

इंदूरहून यशूचा नमस्कार. वेंगुर्ल्याला सगळे बरे ना? वहिनीचा गुडघा कसा आहे?

तुझ्या मेहुण्याची, मुकुलची तब्येत ऑपरेशननंतर छान सुधारतेय, काळजी करू नकोस. फक्त तो घराबाहेर पडत नव्हता, बोलणंही कमी झालं होतं. म्हणून रविवारी हट्टाने त्याला इथल्या यशवंत सागर तलावावर नेलं. आणि तिथे पाण्यावर चक्क आपले बंदरावरचे कुरव पक्षी! समुद्र सोडून इतक्या आत कसे आले असतील?

पांढरं डोकं, डोळ्यामागे काळसर ठिपका, लाल चोच, लाल पाय. काठाला लागलेले मेलेले मासे ते भराभर उचलत होते, पाणी साफ करत होते. मुकुल टक लावून बघत राहिला. शेजारी दुर्बीण घेऊन उभी असलेली कॉलेजची मुलगी म्हणाली, "अंकल, हे फक्त सर्दीत येतात. अंडी लडाखकडच्या तलावांवर घालतात. मार्चमध्ये निघायच्या आधी यांचं डोकं एकदम ब्राऊन होतं."

"सच में?" मुकुलने विचारलं.

तुमच्या बंदरावरच्या कुरवांचीही डोकी अशीच बदलतात का रे? बघून कळव, त्याला वाचून दाखवीन.

परतताना गाडीत तो आपणहून म्हणाला, "यशू, मार्चमध्ये परत येऊ." दादा, ऑपरेशननंतर पुढच्या दिवसांबद्दल तो पहिल्यांदाच बोलला.

तुझी,
यशोधरा