‘धुराचे घर’चे डबे आणि माझी बाकीची चीजवस्त

मी, ओरेस्ते कांतारीनी, कै. एउजेनियो यांचा मुलगा, वय शहाऐंशी, राहणार मोंतेफाज्जो, चर्चच्या वरची गल्ली, धंदा चित्रपट दिग्दर्शन (आता बंद), हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरबाईंनी गुरुवारी तपासून तसे सांगितले. शुक्रवारी मी पुन्हा विचारून आलो. शाळा तिसरीपर्यंत झाली. माझ्या पटकथा बायको दिर्चे सुधारून द्यायची. ती आता नाही, म्हणून लिहिण्यातल्या चुका माझ्या समजाव्यात आणि सरळ वाचून जो अर्थ निघेल तोच धरावा. नोटरीबाई म्हणाल्या, स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आपल्याकडे साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोन घेतले आहेत. असू द्यावेत.

कलम पहिले. घर मुलगी लोरेदाना हिला. कायद्याने तिचा वाटा मला कापता येत नाही आणि कापायचाही नाही. ती म्हणते, "पप्पा, गॅस बंद आहे ना बघायला तुम्ही जेवतानाही उठता. तुमच्यामागे कोण उठणार?" तिने उठावे. वरच्या खोलीची खिडकी पश्चिमेच्या वाऱ्याने आपोआप उघडते, तिला सुतळी बांधावी. सुतळी कपाटात, डावीकडे.

कलम दुसरे. ओढ्याकाठची चेस्टनटची झाडे थोरली बहीण इनेस हिला, तिच्यानंतर लोरेदानाला. फळे झोडून पाडू नयेत, आपोआप पडू द्यावीत. बाबांचा तसा नियम होता.

कलम तिसरे. पत्र्याचा भोंगा गावच्या फुटबॉल संघाला. हा भोंगा म्हणजे माझा निम्मा धंदा. आमच्याकडे तेव्हा चित्र आधी घ्यायचे आणि आवाज नंतर रोममध्ये अंधाऱ्या खोलीत चढवायचे. त्यामुळे कॅमेरा चालू असताना मी खुशाल ओरडत असे: "डावीकडे बघ! रड! आता तलवार काढ!" नटांना संवाद पाठ नसले तर ते आकडे म्हणायचे. माझ्या एका रोमन सेनापतीने लढाईआधीचे भाषण म्हणून नुसती उजळणी म्हटली, आणि रोमच्या मंडळींनी त्याच्या ओठांवर असे भाषण बसवले की पालेर्मोला प्रेक्षक उभे राहिले. दिर्चे मला त्याच खोलीत भेटली. पडद्यावरच्या देखण्या बायकांचे आवाज ती द्यायची. मी पाठमोरा बसलो होतो आणि चेहरा बघायच्या आधीच लग्नाचे ठरवले. निर्णय चुकला नाही.

कलम चौथे. लाकडी पिंप, त्यावरच्या खोगिरासह, फुल्वियो देल बेने याला. हा माझ्या घोडेस्वारीच्या चित्रपटांचा नायक. घोड्याला घाबरायचा, म्हणून त्याचे जवळून घ्यायचे सगळे देखावे ह्या पिंपावर घेतले. दोघेजण खालून पिंप हलवायचे. परवाच त्याने वर्तमानपत्रात सांगितले की घोडदौड तो स्वतः करायचा. त्याने आपला घोडा घेऊन जावा.

कलम पाचवे. निर्माता बास्सेत्ती याला काही नाही. तो वारला आहे हे मला माहीत आहे. तरीही.

कलम सहावे. आता खरे काम. ‘धुराचे घर’ या माझ्या चित्रपटाची एकच प्रत उरली आहे, ती जिन्याखालच्या कोरड्या कोनाड्यात डब्यांत आहे. सतरा चित्रपटांतला हा एकच माझा. बाकीचे पोटासाठी केले, त्याची लाज नाही, पोट चांगले भरले. हा मी आमच्या गावात, गावच्याच माणसांना घेऊन केला. चेस्टनट वाळवायची धुराची झोपडी असते, तिच्या दारात उभे राहून बाबा शेवटचा मोठा प्रसंग बोलतात. मी त्यांना म्हटले होते, "काहीही बोला. आकडे म्हणा. फक्त तोंड चालू ठेवा." आणि फळीवर चढून भोंग्यातून ओरडत राहिलो. त्याच प्रसंगात फळी मोडली, मी पडलो, मनगट मोडले. ते अजून वाकडे आहे. ह्या अक्षरावरून दिसेलच.

मला गावचेच आवाज हवे होते. बास्सेत्तीने रोमचे चढवले. बायकांचे सगळे आवाज दिर्चेने दिले, ते सुंदर आहेत. पण बाबांना नाटकातल्या राजाचा आवाज मिळाला आणि मातृभूमीवर भाषण. चौकात पडदा लावून दाखवला तेव्हा त्या वेळचा न्हावी ओरडला, "हा कुठला आपला एउजेनियो? हा तर रेडिओवरचा बिशप!" सगळे हसले. बाबा मध्येच उठले. जाताना म्हणाले, "तोंड माझं घेतलंस. बोलणं कुणाचं घातलंस रे?" खेचराला चारा घालायला गेले ते चौकात परत आले नाहीत. त्यानंतर चित्रपटाचे नाव त्यांनी काढले नाही, मीही नाही. माझ्या धंद्याबद्दल त्यांचे मत काय होते ते मला कधीच कळले नाही.

फक्त इनेस शेवटपर्यंत बसली आणि पोट धरून हसत होती. तिला लहानपणच्या तापापासून ऐकू येत नाही. ती ओठ वाचते. रोमचे आवाज तिच्यासाठी नव्हतेच. पडद्यावर आमच्या बायका प्रार्थनेला बसल्या आहेत आणि खरे तर बास्सेत्तीच्या ढेरीबद्दल बोलत आहेत, हे साऱ्या चौकात तिला एकटीला दिसले. मी विचारले, "आणि बाबा काय म्हणतायत?"

"माझा प्रसंग कापलास ना? मग नाही सांगत."

तिचा विहिरीवरचा प्रसंग बास्सेत्तीने कापला होता. किती वेळा सांगितले. पण आमच्या घरात रुसवा उन्हाळी लोणच्यासारखा टिकतो. पुढे बाबा गेले, तेव्हा ती म्हणाली, "आता मलाही नीट आठवत नाही. पुन्हा दाखव, मग सांगते." आणि मी दाखवला नाही. गाव पुन्हा हसेल ही धास्ती.

शहरातल्या संग्रहालयाचा तरुण दोनदा येऊन गेला. म्हणतो, "उस्ताद, आता आपण गावचे खरे आवाज घालू." कुणाचे खरे? ती माणसे मातीत आहेत. आणि दिर्चेचा आवाज पुसायचा? माझ्या जिवंतपणी नाही आणि नंतरही नाही. म्हणून व्यवस्था अशी: माझ्या मृत्यूनंतर हा चित्रपट चर्चच्या दिवाणखान्यात आवाज बंद करून एकदा दाखवावा. इनेसने पुढे बसून सगळ्यांचे बोलणे मोठ्याने सांगावे. लोरेदानाने ते लिहून घ्यावे. मग डबे संग्रहालयाला द्यावेत.

पुरवणी, त्याच कागदावर.

वरचे सहावे कलम मी इनेसला वाचायला दिले. ती कागद नाकाला लावून वाचते, मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला आहे. वाचून तिने माझ्या डोक्यात टपली मारली.

"अरे गाढवा, तू मेल्यावर मी सांगू कुणाला? भिंतीला?"

"तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं की..."

"एकोणनव्वदाव्या वर्षी? दिसतंय तोवर दाखव. जेवायचं ताट कुणी मृत्युपत्रात ठेवतं का?"

मी म्हटले, लोक हसतील. ती म्हणाली, "हसणारे बहुतेक वारले."

काल, सान मार्तिनोच्या सणादिवशी, जेवणे झाल्यावर लोरेदानाने पाद्रीबाबांकडून दिवाणखाना मागून घेतला. यंत्र संग्रहालयाच्या तरुणाने आणले. लोक आले, नवी वाइन फुकट होती. इनेसला पडद्यापुढे हातभर अंतरावर बसवले. आवाज बंद. ती एकेकाचे बोलू लागली, कुणाचे मिठाच्या भावाबद्दल, कुणाचे सुनेबद्दल, आणि न्हावी गुइदोने स्वतःच्या आईचे बोलणे ऐकून रुमाल काढला. मग हसला. सगळेच हसले, पण ह्या वेळी पडद्यावरचे बोलणे त्यांच्याच माणसांचे होते.

मग झोपडीच्या दारात बाबा आले. इनेस अगदी पडद्याला टेकली आणि सावकाश म्हणाली:

"ओरेस्ते, उतर खाली. ती फळी कुजकी आहे. मी सांगतोय, ऐक. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या, ओरडतोयस नुसता. घसा बसेल. पायाखाली बघ रे. आकडे कसले म्हणू, मला वीसच्या पुढे येत नाहीत. बघा, सगळं गाव त्याचं ऐकतंय. शोभतो, पोर शोभतो तिथं उभा. अरे, पायाखाली बघ!"

आणि बाबा हात पुढे करून कॅमेऱ्याकडे धावले. इतकी वर्षे मी समजत होतो की तो अभिनय आहे. चांगला जमला म्हणून ठेवला होता.

इनेसने माझ्याकडे वळून विचारले, "आता तरी माझा प्रसंग घालणार का?"

तेव्हा सहावे कलम असे बदलावे: दाखवणे झाले आहे. डबे संग्रहालयाला द्यावेत. दिर्चेचा आवाज जसाच्या तसा राहावा, बाबांच्या प्रसंगात तो राजाही राहू द्यावा, फक्त चित्राखाली इनेसने वाचलेले शब्द छापावेत. विहिरीवरच्या प्रसंगाचा तुकडा कुठे सापडला तर जोडावा.

कलम सातवे आणि शेवटचे. मला बाबांशेजारी पुरावे. दफनभूमीच्या पायऱ्या नोव्हेंबरात शेवाळलेल्या असतात, याची मला फार काळजी आहे. पेटी उचलणाऱ्यांनी घाई करू नये. आधी सगळ्यांनी जेवून घ्यावे. मग पायाखाली बघून चालावे.

बाकी माझी काही तक्रार नाही.

ओरेस्ते कांतारीनी (सही)

साक्षीदार: गुइदो बेर्तोलुच्ची, न्हावी. सिल्वाना पिएरोत्ती, बेकरीवाली. (सह्या)
गरज नसताना तिसरी सही, स्वतःच्या हट्टाने: इनेस कांतारीनी.

मोंतेफाज्जो, १२ नोव्हेंबर २०१८. गॅस बंद आहे, पाहिला.