वाट बघणाऱ्या आईचं गाणं

शुगर लँड, मे १९८६

ती. कुसुमताईस नमस्कार.

मी बरी आहे, पाय तेवढे सुजतात. तुझे गुडघे काय म्हणतात?

अंगाचा नुसता तिळपापड झालाय, म्हणून लिहिते. काल आमच्या श्रीरंगने पार्टी दिली. मी स्वयंपाकघरात वडे तळतेय. बाहेर बोलावून माझी ओळख करून द्यायचं काही त्याला सुचलं नाही. मग बहाद्दर पियानोवर बसला आणि सत्तर वर्षांपूर्वीचं अमेरिकन गाणं गायला. लांब गावी लेकाची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या आईचं, असं सूनबाई म्हणाली. काय गळा काढला! पाहुणे रडले.

शेजारची गोरी बाई डोळे पुसत पाणी प्यायला आत आली. मला विचारते, “तुम्हाला मुलं आहेत का?”

“नो,” म्हटलं आणि पुढचा घाणा सोडला.

तुझीच,
नलू